तासाभराचं ‘नाही’

खातेबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. स्टुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हात पुढे कर. दोन्ही."

मी केले. त्यांनी माझ्या मनगटांवर तपकिरी लोकरीची लड चढवली, टोक शोधलं आणि गुंडा करायला बसल्या.

मी रुग्णालयात नोकरीवर हजर व्हायला आले होते. साहित्याची पदवी घेऊन आठ महिने घरी बसले होते. आईने टोमणे मारणं बंद केलं होतं, ते जास्त भीतीदायक होतं. शेवटी ही नोकरी मिळाली. रुग्णांसाठी माहितीपत्रकं आणि भिंतीवरच्या सूचना लिहायच्या. पहिल्याच दिवशी हात बांधले जातील असं नेमणुकीच्या पत्रात नव्हतं.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"नाक खाजतंय?"

"हो."

"खाजू दे. तेवढ्यासाठीच आहे."

दहा मिनिटं मी तशीच बसले. त्या गुंडा करायच्या, मधेच थांबून की-बोर्डवर काहीतरी टाइप करायच्या, पुन्हा गुंडा. मग म्हणाल्या, "सुटलीस. आता कुठल्याही मजल्यावर जा, कुठलंही मशीन उघड. ओळखेल तुला."

मी गेले. मशीनने ओळखलं. पण वर बसायला जागा नव्हती, म्हणून माझं टेबल खातेबाईंच्या खोलीत लागलं. तिथून पुढची दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून ‘मूळव्याध: घाबरू नका’ अशा विषयांवर लिहीत आले. मूळव्याधीचं पत्रक खूप वाचलं जातं. वाचणाऱ्याला तेव्हा दुसरं काही सुचत नसतं.

खोली तळमजल्यावर, धुलाईघराला लागून. मधली भिंत दिवसभर कोमट असायची. चादरींच्या वाफेचा वास यायचा. खिडकीतून मोडक्या चाकांच्या ट्रॉल्या दिसायच्या. खातेबाईंना ही खोली फार प्रिय होती. पाठदुखी सुरू झाली की त्या खुर्ची भिंतीला टेकवून बसायच्या आणि म्हणायच्या, "एवढा शेक तर सरकारी दवाखान्यातही मिळत नाही."

"मावशी, आपण दवाखान्यातच आहोत."

"म्हणूनच सांगते."

त्यांचं खरं काम कोणालाच नीट माहीत नव्हतं. रुग्णालयात नवशे माणसं कामाला. प्रत्येकाचं संगणकावर एक खातं. ते उघडायचं, बदलायचं, माणूस गेला की मिटवायचं, हे काम खातेबाईंचं. म्हणून खातेबाई. त्याआधी सोळा वर्षं त्या इथेच टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. कानाला यंत्र, हातात वायरी, समोर भोकंच भोकं. अजूनही घरचा फोन वाजला की त्या म्हणतात, "कोणता विभाग?" त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. ते शांतपणे सांगतात, "स्वयंपाकघर."

बोर्ड निघाला तेव्हा खातेबाईंनाही काढणार होते. पण नव्या संगणकाची यादी सांभाळायला कोणी तयार नव्हतं, कारण ती काय भानगड आहे हेच कोणाला कळत नव्हतं. खातेबाई म्हणाल्या, "मला नवशे नंबर पाठ आहेत. यादी म्हणजे नंबरच. फक्त वायर दिसत नाही." आणि बसल्या.

लोकरीचं कोडं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सोडवून सांगितलं. मला त्या विदुषी म्हणायच्या. कौतुकाने नव्हे.

"हे बघ विदुषी. ही पेटी दिसते ना, पंखा घरघरतोय ती? ही थोरली. सगळ्यांची खरी यादी हिच्याकडे. कोण कामाला आहे, कुठल्या खात्यात, काय बघायची परवानगी. आणि दर मजल्यावर एक धाकटी पेटी. वॉर्डातलं मशीन धाकटीला विचारतं, धाकटी थोरलीला विचारते. कळलं?"

"कळलं."

"पण धाकट्या महाआळशी. दर वेळी थोरलीकडे कोण जाणार? एकदा विचारलं की उत्तराची पदराला गाठ मारून ठेवतात आणि तासभर तेच सांगत बसतात. मधे थोरलीकडे काही का बदलेना."

"आणि तासानंतर?"

"गाठ सोडतात. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर परत थोरलीकडे जातात."

या एका तासावर रुग्णालयात अनेक गोष्टी घडून गेल्या होत्या. एका डॉक्टरांना आरडाओरडा करून नोकरीवरून काढलं. खातेबाईंनी त्या क्षणी खातं मिटवलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या धाकटीला ते अजून नोकरीत होते. गाठ सुटायला उरलेल्या पन्नास मिनिटांत डॉक्टरांनी स्वतःच्या अर्जाच्या चाळीस प्रती रुग्णालयाच्या चांगल्या कागदावर छापून घेतल्या. एका कारकुनाला बढती मिळाली. तो नव्या खुर्चीत बसला आणि मशीनने त्याला सांगितलं, ही फाइल बघायचा तुम्हाला अधिकार नाही. तो तासभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. खातेबाई म्हणाल्या, "तेवढाच एक तास तो पायरीने वागला. नंतर सुटला."

"पण यात लोकर कुठे आली?" मी विचारलं.

"धाकटी ‘हो’ची गाठ मारते तशी ‘नाही’चीही मारते." खातेबाईंनी चष्मा वर केला. "तू इथे आलीस. खातं अजून उघडायचंय. तुला धीर नाही. तू वर जाऊन नंबर टाकलास. धाकटीने थोरलीला विचारलं, अशी कोणी आहे? थोरली म्हणाली, नाही. बसली गाठ. पाच मिनिटांनी मी खातं उघडलं. थोरलीकडे तू आहेस. धाकटीकडे तासभर नाहीस. मग तू येतेस माझ्या डोक्यावर नाचायला. म्हणून आधी हात गुंतवायचे. हात गुंतले की माणूस विचारत नाही."

ही युक्ती त्यांच्या सासूबाईंची. पहिल्या वर्षी एक तरुण सर्जन असा गाठीत अडकला. त्याने खातेबाईंना चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं. त्या घरी येऊन धुसफुसत होत्या. सासूबाईंनी त्यांच्या हातांवर लोकर चढवली. अर्ध्या तासाने खातेबाईंच्या लक्षात आलं की आपण भांडणही विसरलो आणि कानामागची माशीही हाकलली नाही. दुसऱ्या दिवशी लोकर रुग्णालयात आली. ती अजून तीच आहे. दिवसा खातेबाई तिचा गुंडा करतात. संध्याकाळी सासूबाई तो गुंडा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून परत लड करायच्या. एकोणीस वर्षं. त्या लोकरीचं एक बोटभर काही विणलं गेलेलं नाही. मोठमोठ्या शस्त्रक्रिया करणारे हात त्या लडीत अडकून बसलेले आहेत, आणि रुग्णालयात जुना कोण, नवा कोण हे विचारताना लोक म्हणतात, "याने लोकर धरलीय का?"

मला हे सगळं फार आवडलं. पदराच्या गाठीची प्रतिमा तर विशेष. मी ती वहीत उतरवून घेतली. अडचण एवढीच की मी साहित्याची पदवीधर. मला वाटलं, ती प्रतिमा आहे.

मग नवे प्रशासक आले.

त्यांना सगळे लगेचसाहेब म्हणायचे. त्यांच्या तोंडी एकच शब्द होता. त्यांची नेमणूक मुख्य कार्यालयातून झाली होती, खातंही तिकडूनच उघडून आलं होतं, त्यामुळे त्यांनी लोकर धरली नव्हती. हे खातेबाईंना खुपायचं. "बाकी काही नाही," त्या म्हणायच्या, "पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अशा माणसाला निदान दोन लडी लागतील."

एका सकाळी त्यांनी खातेबाईंना चौथ्या मजल्यावर केबिनमध्ये बोलावलं. मीही गेले, कारण त्यांना एक सूचनाफलक हवा होता. टेबलावर एका कंत्राटदार कंपनीचं चकचकीत पत्रक होतं. माझ्या पत्रकांपेक्षा बरंच चांगलं छापलेलं.

"बाई, ही कंपनी बाहेरून सगळी खाती सांभाळते," साहेब म्हणाले. "चाळीस नवी माणसं आली तर वीस मिनिटांत चाळीसही आपापल्या मशीनवर चालू. तुमच्याकडे तासतास लागतो म्हणे."

"विचारणाऱ्यावर आहे, साहेब."

"म्हणजे?"

खातेबाईंनी थोरली, धाकटी, गाठ, सगळं सांगितलं. साहेब घड्याळाकडे बघत ऐकत होते.

"मग त्या सगळ्या पेट्यांना एकदम विसरायला लावा ना. लगेच."

"लावता येतं. एकदा लावलं होतं. पाची धाकट्या एका वेळी थोरलीच्या दारात. थोरली आडवी झाली. औषधांची खोली पाऊण तास उघडेना. सकाळच्या पाळीला तसं केलं तर तुम्ही आणि मी दोघंही घरी."

साहेबांना हे पटलं. पटलं म्हणूनच ते चिडले.

"पुढच्या सोमवारी चाळीस परिचारिका रुजू होतायत. दर मजल्यावर आठ. आठ वाजता येतील. आठ वीसला प्रत्येक जण आपल्या मजल्यावरच्या मशीनवर आत पाहिजे. झालं तर तुमची खोली तुमची. नाही झालं तर काम कंपनीला, आणि तुम्ही तळघरात. जुन्या फाइली लावायच्या. निवृत्तीला तीनच वर्षं उरलीत ना?"

"तीन वर्षं दोन महिने," खातेबाई म्हणाल्या.

खाली आल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली. शुक्रवारी संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "तळघरात काय आहे माहितीय? माझा टेलिफोनचा बोर्ड. फेकायला पैसे लागतात म्हणून ठेवलाय. त्याच्यावर चादर टाकलीय."

"मग?"

"मग काय. माझ्यावरही टाकतील. इथल्याच धुलाईघराची असेल."

मी हसले नाही. त्याही नाही. मला त्यांचा हा आवाज माहीत नव्हता.

खरं तर काळजीचं कारण नव्हतं. त्यांनी सगळं आखलं होतं. मंजूर यादी मुख्य कार्यालयातून सोमवारी सकाळी पावणेसातला येणार. त्या चाळीस खाती लिहून तयार ठेवणार आणि साडेसातला एकदम थोरलीत सोडणार. परिचारिका बसने आठला येणार. त्याआधी त्यांचे नंबर कोणाकडेच नाहीत, तर विचारणार कोण? लोकरीचीही गरज नव्हती.

नंबर माझ्याकडे होते. मला त्यांच्या छातीवर लावायच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या.

सोमवारी मी पहाटेच उठले. मावशींची खोली जाणार ही कल्पना सहन होत नव्हती. पावणेसातला मी रुग्णालयात होते. खातेबाई मान खाली घालून टाइप करत होत्या. मी चिठ्ठ्या छापल्या, चाळीसही नंबर हातात आले. आणि मला वाटलं, एकदा खात्री करून घ्यावी. चाळीसपैकी एखादं राहून गेलं तर? मावशींना वेळेवर सांगता येईल. आमच्या रुग्णालयाच्या संगणकावर ‘कर्मचारी शोधा’ अशी एक चौकट आहे. त्यात नंबरांची अख्खी यादी चिकटवता येते. पण दर मजल्यावर वेगळी पेटी, हे मला आठवत होतं. तेवढं आठवत होतं. म्हणून मी दर मजल्यावर जाऊन विचारायचं ठरवलं.

तळमजला, सात वाजून चार मिनिटं. चाळीस वेळा ‘असा कर्मचारी नाही’. मी म्हटलं, अजून सोडली नसतील. पहिला मजला. चाळीस वेळा नाही. मी म्हटलं, सोडतील. दुसरा. तिसरा. चौथ्याच्या जिन्यात वर साहेबांच्या बुटांचा आवाज आला, म्हणून मी मागे फिरले.

मी साहित्य वाचलंय. तेच पान परत परत वाचलं की अर्थ उघडतो असं मला शिकवलं होतं.

साडेसातला खातेबाईंनी खाती सोडली. हात झटकले. "झालं," म्हणाल्या. "आता थोरलीकडे चाळीस लेकी जास्त."

मी म्हटलं, "छान." मला खरंच छान वाटलं.

आठला बस आली. चाळीस मुली, कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर दारातच वाटलेल्या माझ्या चिठ्ठ्या. साहेब हातात घड्याळ काढून उभे. साक्षीला कोणी नको म्हणून एकटेच. तळमजल्याच्या आठ जणी मशीनवर बसल्या. पहिलीने नंबर टाकला.

असा कर्मचारी नाही.

दुसरीनेही टाकला. तिलाही तेच. साहेबांनी भुवई उचलली.

खातेबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे. "कोणी कशाला हात लावू नका," असं मुलींना सांगून खोलीत गेल्या. मी मागे धावले.

थोरली प्रत्येक प्रश्न लिहून ठेवते. कोणी विचारलं, कुठल्या मजल्यावरून, किती वाजता. खातेबाईंनी ती वही उघडली आणि छापायला दिली. कागद बाहेर येत राहिला.

"एकशेसाठ," त्या म्हणाल्या. "चाळीस गुणिले चार. कादंबरी वाचायला गेली होतीस का?"

"मावशी, मला खात्री करायची होती."

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

"मी साहेबांना सांगते. माझी चूक आहे."

"सांगशील. आधी घड्याळ बघ." त्या कागदावर बोट फिरवत होत्या. एका ओळीवर बोट थांबलं. तिथून खाली त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग कागदाची घडी घातली, लोकरीची पिशवी खांद्याला लावली. "तळमजल्यावर तू सात चारला विचारलंस. गाठ कधी सुटेल?"

"आठ चारला."

"पहिल्यावर?"

"सात आठला विचारलं. आठ आठला."

"बघ. अक्कल आहे. फक्त उशिरा पोचते, धाकटीसारखी."

आम्ही परत आलो तेव्हा आठ चार होत होते. साहेब म्हणाले, "बाई, चार मिनिटं गेली."

"हो साहेब. आता बसा गं मुलींनो, नंबर टाका."

आठही जणी आत गेल्या. साहेबांनी घड्याळ पुसलं.

मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खातेबाई पुढे, मागे बत्तीस मुली, त्यांच्या मागे साहेब, सगळ्यात मागे मी. जिथे जिथे मी तासापूर्वी गेले होते तिथे तिथे ही मिरवणूक माझ्या पावलांवर पाऊल ठेवून तासाने पोचत होती. पहिल्या मजल्यावर आठ सहा. आठ आठपर्यंत कोणाला मशीनला शिवू द्यायचं नव्हतं.

"ही खिडकी," खातेबाई शांतपणे सांगत होत्या, "हिची कडी नादुरुस्त आहे. उघडली की मिटत नाही. रात्रपाळीला इथे बसू नका. हे तिसरं कपाट, ह्यात डॉक्टर बिस्किटं लपवतात. तुम्ही शोधली तर ते हरवली म्हणून तक्रार करू शकत नाहीत." घड्याळाकडे एक नजर. "बसा आता."

आठ जणी आत.

दुसऱ्या मजल्यावर मी सात तेराला विचारलं होतं. तिथे खातेबाईंनी मुलींना हात धुवायच्या सिंकची अख्खी वंशावळ सांगितली. कोणत्या नळाला गरम येतं, कोणत्याला येत नाही, कोणता फक्त रागावतो. साहेब म्हणाले, "बाई, हे कशाला?"

"नव्यांना इमारत दाखवायला नको? कंपनी दाखवणार आहे का?"

आठ तेरा. आठ जणी आत.

तिसऱ्यावर आठ अठरा. साहेब आता घामेजले होते. आठ जणी आत. मुलींपैकी एक मला हळूच म्हणाली, "बाई जादूटोणा करतात का हो?" मी म्हटलं, "नाही. मी केला होता. त्या उतरवतायत."

जिना चढताना मला एकदम हलकं वाटलं. चौथ्या मजल्यावर मी गेलेच नव्हते. तिथे गाठच नव्हती. दोन मिनिटं हातात होती. खोली वाचली.

चौथ्या मजल्यावरच्या मशीनवर पहिली मुलगी बसली. नंबर टाकला.

असा कर्मचारी नाही.

मी गेले नव्हते. शपथेवर सांगते, मी गेले नव्हते.

दुसरी. तिसरी. नाही, नाही.

साहेबांनी घड्याळ वर धरलं. "आठ एकवीस, बाई." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला सांगायला हवं. पण सुटका होती. "बत्तीस झाल्या, चांगलं झालं. पण आठ राहिल्या. ठरलं ते ठरलं. दुपारपर्यंत खोली मोकळी करा. लगेच म्हणत नाही."

"साहेब," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी सकाळी सगळ्या मजल्यांवर विचारलं. म्हणून सगळं अडलं."

"सगळ्या नाही," खातेबाई म्हणाल्या. "चार."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. घडी उलगडली नाही. दुसऱ्या हाताने लोकरीची लड काढली.

"साहेब, तुम्ही कधी लोकर धरली नाहीत."

"हा काय प्रकार आहे?"

"हात पुढे करा."

"बाई, मी प्रशासक आहे."

"म्हणूनच विचारतेय, हुकूम करत नाही." खातेबाईंनी आवाज उतरवला. टेलिफोनवरचा आवाज असावा तो. समोरच्यालाच ऐकू जाणारा. पण मी शेजारीच होते. "तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, ह्या पोरीने विचारलं. ती आत्ता कबूल झाली. चौथ्यावर सात अठ्ठावीसला विचारलंय. मी खाती सोडायच्या दोन मिनिटं आधी. चाळीसही नंबर, तुमच्याकडे आलेल्या मंजूर यादीच्या अनुक्रमाने. केबिनमधल्या मशीनवरून. थोरलीने नाव लिहून ठेवलंय. आठ मुली उभ्या आहेत. वाचू?"

साहेबांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं, जणू ते दारानेच केलं असावं. मग आठ मुलींकडे. त्या सगळ्या मन लावून छताकडे बघत होत्या.

"खात्री करून घेत होतो," साहेब म्हणाले.

"हो. हीसुद्धा."

साहेबांनी घड्याळ मनगटाला लावलं आणि दोन्ही हात पुढे केले.

खातेबाईंनी लड चढवली. घड्याळ लोकरीखाली गेलं. त्यांना मनगट वळवून वेळ बघता येईना. पहिलं मिनिट त्यांच्याच्याने राहवलं नाही. बोटं हलत होती. "हलू नका," खातेबाई म्हणाल्या. दुसऱ्या मिनिटाला त्यांचं नाक खाजलं असावं, कारण त्यांनी ते खांद्याला घासायचा प्रयत्न केला. चौथ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "ही लोकर कोणाची?"

"माझ्या सासूबाईंची."

"काय विणणार आहात?"

"काही नाही."

पाचव्या मिनिटाला त्यांचे खांदे खाली आले. मी त्या माणसाला पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं. एरवी ते कायम निघालेले असायचे.

"वेळ काय झाली?" त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

"आठ अठ्ठावीस," खातेबाईंनी खरी वेळ सांगितली. "बसा गं मुलींनो."

आठही जणी आत गेल्या. चाळीस झाल्या.

"सुटलात, साहेब."

साहेब हात चोळत उभे राहिले. "आठ मिनिटं उशीर," ते म्हणाले. मग केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं.

आम्ही खाली आलो. खातेबाईंनी खुर्ची भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. मी माझी पत्रकं खोक्यात भरायला घेतली. कुठेतरी हात गुंतवायला हवे होते.

"काय करतेस?"

"खोली मोकळी."

"तुझी आहे का खोली? बस खाली."

अकरा वाजता वरून निरोप आला. मला एक सूचना लिहायची होती. साहेबांच्या हस्ताक्षरात दोन ओळींचा मजकूर होता: नव्या कर्मचाऱ्यांनी प्रथम तळमजल्यावरील खात्यांच्या खोलीत हजर व्हावे. तेथील बाई सुटका करेपर्यंत कोणी, कोणत्याही हुद्द्याचा असो, कोणत्याही मजल्यावर चौकशी करू नये. ‘कोणत्याही हुद्द्याचा’ हे शब्द नंतर वर बाण काढून घातले होते.

कंपनीचं चकचकीत पत्रक रद्दीत आलं. ते मी ठेवलंय. मांडणी खरंच चांगली आहे.

"मावशी," मी त्या दिवशी विचारलं, "साहेबांचं नाव तुम्ही तळमजल्यावरच वाचलं होतं. आठ वाजताच. मग तेव्हाच का नाही दाखवलंत? जिने चढायची गरजच नव्हती."

"तेव्हा दाखवलं असतं तर त्याने ‘काहीतरी गडबड आहे’ म्हणून सगळंच बंद पाडलं असतं. आणि बत्तीस मुली आत गेल्याशिवाय माझ्या बोलण्याला वजन कुठून येणार?" त्यांनी एक डोळा उघडला. "शिवाय तोही घाबरलेला होता. मुख्य कार्यालयाला त्याने काय काय कबूल केलं असेल. घाबरलेलं माणूस विचारत सुटतं. तुझ्यासारखं."

शिक्षा मला झालीच. सासूबाईंच्या बोटांचे सांधे आता धरलेत, गुंड्याची लड त्यांच्याने होत नाही. म्हणून दर रविवारी मी खातेबाईंच्या घरी जाते. यजमान दार उघडतात आणि आत ओरडतात, "कोणता विभाग आला बघ." मग मी खुर्चीच्या पाठीवर लोकर गुंडाळत बसते. सासूबाई पलंगावरून नजर ठेवतात. सैल झाली की काठीने माझ्या गुडघ्याला टोचतात.

पहिल्या रविवारी त्यांनी सुनेला विचारलं, "ही कोण गं?"

"हिनं एकशेसाठ वेळा विचारलं," खातेबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मग एका खुर्चीने हिचं भागायचं नाही. दोन द्या," त्या म्हणाल्या.